पुल-अप लावलाय म्हणजे झालं? या चुका टाळा

"चिपच खराब आलीय" हे वाक्य दर पावसाळ्यात ऐकतो. चिप सहसा ठणठणीत असते, इनपुट मोकळा सोडलेला असतो, म्हणजे त्याला सप्लायकडे ओढणारा रेझिस्टर (पुल-अप) किंवा ग्राउंडकडे ओढणारा (पुल-डाऊन) लावलेलाच नसतो. ७४एचसी मालिकेतल्या लॉजिक चिपचा इनपुट जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे मोकळी पिन शेजारची वायर, तुमचं बोट, घरातली ५० हर्ट्झची लाइन, सगळ्यांचं ऐकते. मल्टीमीटर लावला की सर्किट शहाण्यासारखं चालतं आणि काढला की पुन्हा बिथरतं, याचं कारणही तेच: मीटरचा १० मेगओहमच पुल-डाऊनचं काम करत असतो. न वापरलेल्या गेटचे इनपुटही ग्राउंडला किंवा सप्लायला बांधा. आउटपुट मोकळे राहू द्या.

दुसरी चूक म्हणजे नावापुरता पुल-अप. मालवणजवळच्या एका वाडीत विहिरीवरच्या पंपाला घरच्या मुलाने अर्दुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) जोडला होता. गच्चीवरच्या टाकीत फ्लोट स्विच, पाण्याच्या पातळीवर चालणारा. टाकी रिकामी झाली की स्विच मिटून पिन ग्राउंडला जोडतो, पिन लो (शून्य व्होल्टजवळ) होते आणि पंप सुरू. मे महिन्यात सगळं झकास. जूनमध्ये आजोबांचा फोन, "रात्री पंप आपोआप चालू जाता!" मुलगा म्हणे, "काका, कोडमध्ये डिले वाढवूया काय?" या मुलांना आधी कोडच दिसतो.

बोर्ड सोडवून, स्विच उघडा असताना दोन वायरींमध्ये मोजलं तर ३० किलोओहमच्या आसपास. गच्चीवरचा जोड नुसता टेपने गुंडाळलेला, त्यात खारी हवा आणि पावसाचं पाणी. अर्दुइनोच्या चिपमधला आतला पुल-अप २० ते ५० किलोओहमचा. ४० धरला तर पिनवर ५ व्होल्टऐवजी जेमतेम २.१ व्होल्ट. ना धड हाय, ना धड लो. बाहेरून १ किलोओहमचा पुल-अप लावल्यावर त्याच गळतीत ४.८ व्होल्ट मिळाले. जोड सोल्डर करून त्यावर हीट-श्रिंक चढवली आणि पिनपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. किनाऱ्यावर बाहेरच्या वायरीला मी आतल्या पुल-अपवर कधीच सोडत नाही. १० किलोओहम घरातल्या बटणाला ठीक.

७४एलएस या जुन्या मालिकेतल्या चिपला १० किलोओहमचा पुल-डाऊन लावून "लो होत नाही" म्हणू नका. तो इनपुट लो असताना ०.४ मिलीअँपपर्यंत करंट बाहेर ढकलतो. १० किलोओहमवर तो ०.८ व्होल्टच्या खाली येतच नाही. १ किलोओहम चालतो. मी मात्र पुल-अप लावून स्विच ग्राउंडला घेतो.

एलएसचं आउटपुट थेट एचसीला जोडू नका: एलएसच्या हायची खात्री २.७ व्होल्टची, ५ व्होल्टच्या सप्लायवर एचसीला हाय म्हणून हवेत ३.५. त्याऐवजी एलएसच्या पातळ्या समजणारी एचसीटी घ्या.

दोन साधी आउटपुट एकत्र बांधू नका. एक हाय, एक लो झालं की आपसातच भांडतात.

आणि एलएम३९३ (दोन व्होल्टेजची तुलना करणारी कम्पॅरेटर चिप) "हाय देतच नाही" म्हणून दुकानात परत नेण्याआधी पुल-अप लावून बघा. त्याचं आउटपुट ओपन कलेक्टर असतं, म्हणजे ते फक्त ग्राउंडकडे ओढतं, स्वतः हाय देत नाही.