अब्यूज डेस्कवर नव्याने येणाऱ्यांसाठी

होस्टिंग कंपनीत, म्हणजे लोकांच्या वेबसाइट आपल्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या कंपनीत, अब्यूज डेस्कवर, म्हणजे त्या साइट्सविरुद्धच्या तक्रारी हाताळणाऱ्या विभागात, रुजू झाले तेव्हा वाटलं होतं, दिवसभर भामटे पकडायचे. पहिल्याच आठवड्यात मी बंद केलेली साइट निघाली एका शिकवणीवाल्या बाईंची. जुन्या प्लगइनमधून (साइटला जोडलेल्या तयार सॉफ्टवेअरमधून) कुणीतरी आत शिरून अपलोड्स फोल्डरमध्ये बँकेचं खोटं लॉगिन पान ठेवून गेलं होतं. त्यांना पत्ताच नव्हता. तरी बंद करणं भागच होतं. असं पान चालू ठेवून मालकाच्या उत्तराची वाट बघता येत नाही. चुकलं ते मेलमध्ये. मी नुसतं ‘अटींचा भंग’ लिहून मोकळी झाले. फाइलचा पूर्ण पाथ, म्हणजे सर्व्हरवरचा नेमका पत्ता, दिला असता तर त्यांचा दिवसभराचा जीव टांगणीला लागला नसता. युरोपीय महासंघात तर डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टमुळे फेब्रुवारी २०२४ पासून होस्टला अशा कारवाईचं कारण ग्राहकाला कळवावंच लागतं.

सर्वात जास्त वेळ खातात कॉपीराइटच्या नोटिसा. त्यातल्या बऱ्याच अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्याखाली येतात. फोटो खरा कुणाचा, हे शोधत बसू नका. तो निवाडा कोर्टाचा. आपण बघायचं ते नोटिशीत काय आहे: सही, संपर्क, मूळ कृती कोणती, आक्षेपार्ह मजकुराची नेमकी लिंक, तक्रार प्रामाणिक समजुतीने केल्याचं विधान आणि हक्कदाराच्या वतीने बोलायचा अधिकार असल्याची ग्वाही. ‘तुमच्या सर्व्हरवर आमचे फोटो आहेत, काढा’ एवढ्यावर साइट पाडायची नसते. नोटीस पूर्ण असेल तर मात्र तो मजकूर लगेच हटवावा लागतो. गप्प बसलो तर कायद्याने होस्टला दिलेलं संरक्षण जातं आणि ग्राहकाची भानगड आपल्या गळ्यात येते. वारंवार उल्लंघन करणाऱ्याचं खातं बंद करण्याचं धोरण असणंही त्याच संरक्षणाची अट आहे.

दुसरी बाजू नवखे विसरतात. ग्राहक प्रतिनोटीस देऊ शकतो, म्हणजे मजकूर चुकून काढला गेल्याचं लेखी कळवू शकतो. मग तक्रारदाराने खटला भरल्याचं कळवलं नाही, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत चढवायचा. स्पर्धकाला छळायला केलेल्या तक्रारी मी पुष्कळ पाहिल्यात.

बदनामीच्या तक्रारींवर स्वतः निर्णय घेऊ नका. देशागणिक कायदा वेगळा, तेव्हा सरळ लीगल टीमकडे पाठवा. कोर्टाचा आदेश आला तर त्यातली लिंक अक्षरन् अक्षर जुळवा. एका पानाच्या आदेशावर अख्खी साइट झोपवू नका. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या मजकुराची तक्रार असेल तर स्क्रीनशॉट नाही, डाउनलोड नाही, कुणाला फॉरवर्ड नाही. त्याच क्षणी वरिष्ठांना सांगा.

आणि सस्पेंड म्हणजे डिलीट नव्हे. त्या बाईंच्या साइटवरचं खोटं पान मी उत्साहाच्या भरात उडवूनच टाकलं होतं. चोर कुठून शिरला हे शोधायला त्यांच्या डेव्हलपरला त्या फाइलची तारीख-वेळ सर्व्हरच्या लॉगशी (कोण कधी आत आलं याच्या नोंदींशी) ताडून बघायची होती. मला ‘सॉरी’ म्हणावं लागलं.