दीर्घ आजारपणाच्या रजेत ईएसआयचे पैसे कसे मिळवावेत आणि कसे चालू ठेवावेत

कारखान्यात, दुकानात, रुग्णालयात किंवा खासगी शाळेत महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतनावर काम करणाऱ्या बहुतेकांच्या पगारपत्रकावर दर महिन्याला ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, छोटीशी कपात दिसते. कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के, अशी ही वर्गणी १ जुलै २०१९ पासून घेतली जाते. अपंग कामगारांसाठी वेतनाची मर्यादा २५,००० रुपये आहे. एवढे पैसे कापले जातात म्हणजे दवाखाना फुकट, इतकेच अनेकांना ठाऊक असते. आजारपणात कामावर जाता येत नसेल तर याच योजनेतून रोख रक्कमही मिळते, हे मात्र बऱ्याचदा घरातली शिल्लक संपल्यावर कळते आणि तोवर कागदपत्रांची साखळी तुटलेली असते. ही योजना आजार किती गंभीर आहे हे पाहून पैसे देत नाही, तर प्रमाणपत्रावरील तारखा पाहून देते. पुढचे सगळे मार्गदर्शन या एका गोष्टीभोवती फिरते.

हक्क आहे की नाही, हे आधी तपासावे

वर्षाचे दोन वर्गणी काळ असतात, १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. त्यांना जोडून दोन लाभ काळ येतात. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा लाभ त्यानंतरच्या जुलै ते डिसेंबरमध्ये. आजारपणाचा हितलाभ, म्हणजे रोख रक्कम, मिळण्यासाठी संबंधित वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. पहिल्यांदाच विमाधारक झालेल्या कामगाराचा पहिला लाभ काळ नोकरीला लागल्यापासून नऊ महिन्यांनी सुरू होतो. त्याआधी त्याला व त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात, पण आजारपणाची रोख रक्कम मिळत नाही.

आपले दिवस किती भरले आहेत, हे ईएसआयच्या संकेतस्थळावर विमाधारक म्हणून प्रवेश केल्यास दिसते. मालकाने प्रत्यक्ष कामाच्या दिवसांपेक्षा कमी दिवस दाखवले असतील तर ती चूक आजारी पडण्याआधी लक्षात आलेली बरी. म्हणून तब्येत चांगली असतानाच वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, ही नोंद पाहून ठेवावी. त्याच वेळी आपला मोबाइल क्रमांक, बँक खाते आणि कुटुंबीयांची नावे बरोबर आहेत का तेही पाहावे, कारण हितलाभाची रक्कम थेट खात्यात जमा होते आणि खाते क्रमांकातल्या एका अंकाच्या चुकीमुळेही ती अडकून पडते. वर्गणी काळाच्या मध्येच पगारवाढ होऊन वेतन २१,००० रुपयांच्या वर गेले तरी तो वर्गणी काळ संपेपर्यंत कामगार योजनेत राहतो, हेही ध्यानात असू द्यावे. ‘तुमचा पगार वाढला, आता तुम्ही ईएसआयमध्ये नाही’ असे कार्यालयातून सांगण्यात आले तर तारीख विचारावी.

पहिल्याच दिवशी प्रमाणपत्र

आजारपणाची रजा सुरू होते त्याच दिवशी आपल्या ईएसआय दवाखान्यात किंवा आपले नाव नोंदलेल्या पॅनेल डॉक्टरांकडे जाऊन पहिले प्रमाणपत्र घ्यावे. रुग्णालयात दाखल असल्यास ते तिथून मिळते. त्यानंतर साधारण आठवड्याआठवड्याला मधली प्रमाणपत्रे घ्यावी लागतात आणि आजार लांबल्यावर डॉक्टर एका वेळी चार आठवड्यांपर्यंतचे विशेष प्रमाणपत्र देऊ शकतात. कामावर परतण्याच्या वेळी अंतिम प्रमाणपत्र लागते. प्रत्येक प्रमाणपत्राची सुरुवात आधीच्या प्रमाणपत्राच्या शेवटाला जोडलेली हवी. मध्ये दोन दिवसांची फट पडली तर त्या दोन दिवसांचे पैसे जातात, शिवाय खुलासे देत बसावे लागते. प्रमाणपत्र हातात पडताच दवाखान्याच्या खिडकीवरच तारखा, नाव आणि विमा क्रमांक वाचून घ्यावेत. नंतर दुरुस्तीसाठी त्याच डॉक्टरांना गाठणे म्हणजे आजारी माणसाला उगाच एक हेलपाटा.

अचानक खासगी रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर काय करावे, हा प्रश्न हमखास येतो. अशा वेळी खासगी डॉक्टरांचे प्रमाणपत्र, दाखल झाल्याचा व सुटी मिळाल्याचा कागद आणि तपासण्यांचे अहवाल लवकरात लवकर ईएसआयच्या शाखा कार्यालयात द्यावेत आणि ईएसआयच्या डॉक्टरांनाही दाखवावेत. शाखा कार्यालय पर्यायी पुरावा म्हणून ते विचारात घेऊ शकते, मात्र तो स्वीकारायचा की नाही हे कार्यालय ठरवते. म्हणून रुग्ण स्वतः जाऊ शकत नसला तरी घरातल्या कोणीतरी पहिल्या काही दिवसांतच ईएसआय दवाखान्यात वर्दी देऊन यावे.

अर्ज आणि रक्कम

प्रमाणपत्रासह हितलाभाचा मागणी अर्ज शाखा कार्यालयात द्यावा किंवा संकेतस्थळावरून भरावा. त्या दिवसांत आपण काम केले नाही आणि वेतन घेतले नाही, याची खातरजमा कार्यालय मालकाकडूनही करून घेते. ज्या दिवसाचे वेतन मिळाले त्या दिवसाचा हितलाभ मिळत नाही. हा नियम साधा आहे, पण इथे गफलत फार होते. कामगाराचे भले व्हावे म्हणून मालकाच्या कार्यालयातील लिपिक आजारपणाच्या दिवसांवर शिल्लक भरपगारी रजा टाकून मोकळा होतो आणि मग त्याच दिवसांचा ईएसआयचा दावा अडतो. म्हणून रजेचा अर्ज देतानाच त्यात स्पष्ट लिहावे की, अमुक तारखेपासून ईएसआयच्या प्रमाणपत्रानुसार रजा घेत आहे व या दिवसांवर भरपगारी रजा टाकू नये. पोचपावती घ्यावी किंवा ईमेल पाठवावा.

हितलाभाचा दर सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के आहे. समजा, एका कामगाराचे मासिक वेतन १८,००० रुपये आहे आणि एप्रिल ते सप्टेंबरच्या पूर्ण १८३ दिवसांचे १,०८,००० रुपये त्याला मिळाले आहेत. सरासरी दैनिक वेतन सुमारे ५९० रुपये होते आणि हितलाभ दिवसाला सुमारे ४१३ रुपये. सलग दोन लाभ काळांत मिळून असे जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतात, म्हणजे या उदाहरणात एकूण साधारण साडेसदतीस हजार रुपये. आजारपणाचे पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे धरले जातात आणि त्यांचे पैसे मिळत नाहीत. मात्र आधीच्या आजारपणानंतर १५ दिवसांच्या आत पुन्हा रजा घ्यावी लागली तर हे दोन दिवस पुन्हा वजा होत नाहीत. शिल्लक रजा वापरायचीच असेल तर ती या पहिल्या दोन दिवसांसाठी वापरणे शहाणपणाचे.

आजार लांबला तर

क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणे, काही हृदयविकार, मणक्यातील चकती सरकणे, न जुळणारे अस्थिभंग, स्किझोफ्रेनिया अशा ३४ दीर्घ आजारांसाठी विस्तारित हितलाभ आहे. ९१ दिवस संपल्यावर तो ८० टक्के दराने मिळू लागतो आणि डॉक्टरांच्या शिफारशीनुसार दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो. त्यासाठी दोन वर्षे सलग विमाधारक नोकरी आणि आधीच्या चार वर्गणी काळांत मिळून किमान १५६ दिवसांची वर्गणी लागते. वरच्या उदाहरणातील कामगाराला या दराने दिवसाला सुमारे ४७२ रुपये मिळतील. आजारपण लांबल्यावर दर कमी न होता वाढतो, ही या योजनेतली कामगाराच्या बाजूची तरतूद फारच थोड्यांना माहीत असते.

हा लाभ आपोआप सुरू होईल असे धरून चालू नये. निदानाचे नाव प्रमाणपत्रावर नेमके लिहिलेले असावे लागते. ‘अशक्तपणा’ किंवा ‘पाठदुखी’ असा मोघम शेरा असेल तर आजार यादीतला असूनही दावा साध्या आजारपणातच मोडतो. म्हणून ९१ दिवस संपण्याच्या तीन-चार आठवडे आधीच तज्ज्ञ डॉक्टरांचे अहवाल घेऊन दवाखान्यात जावे आणि पुढच्या शिफारशीची मागणी करावी. उदाहरणार्थ, क्षयरोगामुळे ९ मार्च २०२६ पासून रजेवर गेलेल्या कामगाराचे प्रतीक्षेचे दोन दिवस १० मार्चला संपतात आणि ९१ दिवस ९ जूनला भरतात. त्याने मेच्या मध्यातच ही तयारी सुरू करावी.

कामावर किंवा कामानिमित्त झालेली दुखापत या हिशेबात धरू नये. तिच्यासाठी वेगळा, ९० टक्के दराचा अपंगत्व हितलाभ आहे आणि त्याला वर्गणीच्या दिवसांची अट नाही. अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घ्यावी. ‘आजारपणात टाकू, लवकर होईल’ असा सल्ला कोणी दिला तरी तो ऐकू नये.

रजेच्या काळात पाळायच्या गोष्टी

हितलाभ घेत असताना उपचार चालू ठेवणे, बरे होण्यात अडथळा येईल असे काही न करणे आणि बोलावल्यावर वैद्यकीय तपासणीसाठी हजर राहणे बंधनकारक आहे. मेडिकल रेफरीची, म्हणजे अशी तपासणी करणाऱ्या ईएसआयच्या डॉक्टरांची, तारीख चुकवली तर पैसे थांबू शकतात. विश्रांतीसाठी गावी जाणे ही आपल्याकडची स्वाभाविक गोष्ट आहे. चिंचवड किंवा मुलुंडमध्ये खोलीवर एकट्याने पडून राहण्यापेक्षा कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या घरी आईच्या हातचे खाणे कोणालाही बरे वाटेल. पण डॉक्टरांच्या परवानगीशिवाय भाग सोडू नये, असा नियम आहे. ती परवानगी लेखी घ्यावी आणि गावाजवळ ईएसआयचा दवाखाना कुठे आहे हे विचारून पुढची प्रमाणपत्रे तिथून घेण्याची व्यवस्था करावी. या काळात हातखर्चासाठी दुसरीकडे काम करणे मात्र महागात पडते, कारण घेतलेली रक्कम परत करावी लागते आणि कारवाईही होऊ शकते.

आजारपणाचा हितलाभ मिळत असताना मालकाला कामगाराला कामावरून काढता येत नाही किंवा शिक्षा करता येत नाही. त्यामुळे ‘राजीनामा द्या, बरे झाल्यावर पुन्हा घेऊ’ अशा तोंडी आश्वासनावर सही करू नये. राजीनाम्याने हे संरक्षण तर जातेच, शिवाय पुढच्या वर्गण्याही थांबतात. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यातील तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. त्यामुळे मालकाला पत्र लिहिताना जुनी कलमे उतरवण्यापेक्षा आपला विमा क्रमांक, प्रमाणपत्राच्या तारखा आणि मागणी एवढेच नीट लिहावे.

पैसे कमी पडले तर भविष्यनिर्वाह निधीतून आजारासाठी आगाऊ रक्कम काढता येते आणि ती परत भरावी लागत नाही. पण ही म्हातारपणाची पुंजी असल्याने ती शेवटी काढावी.

दावा नाकारला तर

नकाराचे कारण लेखी मागावे. बहुतेक नकार तारखांतील फटी, मालकाने दाखवलेले कमी दिवस किंवा बँक खात्याचा घोळ यांतून येतात आणि कागद दुरुस्त झाला की सुटतात. शाखा कार्यालयात काम न झाल्यास वरिष्ठ कार्यालयात तक्रार करावी, ‘सुविधा समागम’ या तक्रार निवारणाच्या बैठकीत जावे किंवा १८००-११-२५२६ या निःशुल्क क्रमांकावर नोंद करावी. त्यानेही भागले नाही तर कर्मचारी विमा न्यायालयाचा मार्ग आहे. तिथे जाण्याला कालमर्यादा असल्याने तक्रारी करत वर्षे घालवू नयेत.

कामावर परतताना

अंतिम प्रमाणपत्र मालकाला देऊन त्याची प्रत स्वतःकडे ठेवावी. आता पुन्हा क्षयरोगी कामगाराच्या वरच्या उदाहरणाकडे पाहू. तो कामगार १ ऑक्टोबर २०२६ रोजी कामावर परतला असे समजा. डिसेंबर २०२६ पर्यंतचे त्याचे ९१ दिवस आधीच संपलेले आहेत. जानेवारी ते जून २०२७ या लाभ काळासाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मधली वर्गणी पाहिली जाते, पण तेव्हा तो रजेवर असल्याने त्याचे ७८ दिवस भरलेले नाहीत. म्हणजे साध्या आजारपणाचा हितलाभ त्याला पुन्हा मिळू शकेल तो थेट जुलै २०२७ पासून, आणि तोही परतल्यावर मार्चअखेरपर्यंत ७८ दिवस भरले तरच. उपचाराची सोय चालू राहिली तरी या नऊ महिन्यांत तापाने आठवडाभर घरी बसावे लागले तर रोख मदत नाही. दीर्घ आजारपणात भरपगारी रजा वाचवून ठेवण्याचा आग्रह धरला तो यासाठीच. परतल्यावर ती शिल्लक किती आहे हे रजेच्या नोंदवहीत पाहून घ्यावे आणि पहिले वर्षभर ती लग्नकार्यात किंवा सणावारात खर्च करू नये.