मागचा एसी ब्लोअर चालत नाही? आधी मल्टिमीटर लावा

सात सीटर गाडीत मागचा ब्लोअर फक्त फुल स्पीडवर चालत असेल, तर बहुतेक वेळा रेझिस्टर (ब्लोअरचा स्पीड कमी करणारा भाग) जळालेला असतो. मोटर बदलायची घाई नको.

अजिबात फिरत नसेल तर फ्यूज आणि रिले (मोटरचा करंट चालू-बंद करणारा स्विच) बघा. मग ब्लोअर फुल ठेवून, मोटरचा कनेक्टर जोडलेला असतानाच मागून मोटरच्या दोन्ही पिनांना मल्टिमीटरचे प्रोब (टोकदार सळ्या) लावून व्होल्टेज मोजा. कनेक्टर काढून मोजलं तर गंजलेली वायरसुद्धा १२ व्होल्ट दाखवते. खरी फसगत इथेच होते. १२ मिळूनही मोटर गप्प, म्हणजे मोटरच गेली. कमी मिळाले तर मोटरच्या निगेटिव्ह पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर अर्थिंगचा बोल्ट खोलून गंज घासा.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय? जास्त अँपिअरचा टाकू नका, वायरिंग जळेल. पंखा हाताने फिरवून बघा; जड लागला तर बेअरिंग जाम आहे.