रतनवाडी ते पाचनई, मुक्काम कुमशेत: या चुका टाळा

रतनवाडीहून कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी पेठेच्या वाडीवरून पाचनई. अकोले तालुक्यातल्या या दोन दिवसांच्या वाटेवर दोर लागत नाही, कातळारोहण नाही. तरीही इथे लोकांचे हाल होतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं. बेत आखताना खिंड, अंतर, फोटोच्या जागा पाहिल्या जातात. ज्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांत रात्र काढायची, तिथली माणसं त्या दिवसांत काय कामात असतील, हे कुणी विचारतच नाही.

न कळवता संध्याकाळी दारात उभं राहणं

सगळ्यात मोठी चूक हीच. आठ जण अंधार पडल्यावर पडवीत येऊन बसले की घरातली बाई नाही म्हणत नाही. पण आठ जणांना अठरा-वीस भाकरी लागतात. त्या चुलीवर थापून भाजायला तास-सव्वा तास सहज जातो, आणि त्याआधी पीठ घरात असावं लागतं. किराण्यासाठी राजूर गाठावं लागतं, रात्री ते शक्य नाही. म्हणून दोन दिवस आधी फोन करून माणसं किती, पोहोचणार केव्हा, जेवण एक वेळचं की दोन वेळचं, एवढं स्पष्ट सांगा. संख्या बदलली तर निघण्यापूर्वी पुन्हा कळवा.

फोन लागलाच नाही तर शिधा सोबत न्या. आठ जणांच्या एका जेवणाला एक किलो तांदूळ आणि अर्धा किलो तूरडाळ पुरते. भाकरी, पिठलं, भात, खुरासणीची चटणी जे पानात येईल ते जेवा. रात्री आठ वाजता कोंबडीची फर्माईश करू नका. माणशी किती द्यायचे ते आधी ठरवा आणि पैसे जिने रांधलं तिच्या हातात द्या. सुट्ट्या नोटा जवळ ठेवा. रेंज जाते-येते, मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या भरवशावर राहू नका.

चुकीचा हंगाम

पावसात खिंडीत ढग उतरले की दहा पावलांपलीकडचं दिसत नाही आणि ओढे तासाभरात फुगतात. ही वाट नोव्हेंबर ते फेब्रुवारीची. जुलैत सगळं घरदार आवणीसाठी, म्हणजे भाताची रोपं लावायला, खाचरात असतं. तेव्हा गेलात तर निदान बांधावरून रांगेने चालू नका. ओला बांध बुटांनी खचला की खाचरातलं पाणी ओसरतं आणि नुकतं लावलेलं रोप उघडं पडतं. नोव्हेंबरात भाताची झोडणी चालू असते, खळ्यात पायताण घालून शिरू नका. एप्रिल-मे महिन्यांत धूर दिसला तर घाबरू नका, ती राबाची भाजणी असते, म्हणजे भाताची रोपं तयार करायच्या जमिनीवर पालापाचोळा जाळणं.

उन्हाळ्यात खरी अडचण पाण्याची. एवढ्या पावसाच्या मुलखात तेव्हा विहिरी तळाला जातात आणि हंडा डोक्यावर घेऊन लांबून पाणी आणावं लागतं. घरासमोरच्या भरलेल्या हंड्यातून हातपाय धुणं म्हणजे कुणाची तरी एक खेप वाया घालवणं. प्यायला मागा, धुवायला ओल्या फडक्यावर भागवा. चालताना माणशी तीन लिटर पाणी ठेवा, मार्चनंतर चार.

ढोरवाटेला लागणं

खिंडीच्या दोन्ही अंगांना जंगलात गुरांच्या वाटा फुटलेल्या आहेत. त्या मळलेल्या, रुंद असतात, त्यामुळे फसवतात. ढोरवाट चराईच्या माळावर किंवा पाण्यापाशी जाते आणि तिथेच विरते. गावाची वाट खिंडीचा रोख सोडत नाही, चढावर तिला पायाने घासलेले दगड असतात, अधूनमधून दगडांची उतरंड रचलेली दिसते. दहा मिनिटं अशी एकही खूण दिसली नाही तर थांबा आणि खात्रीच्या शेवटच्या जागेपर्यंत मागे या. नाळ, म्हणजे डोंगरातली अरुंद घळ, किंवा ओढा धरून खाली उतरायचं मात्र नाही. सह्याद्रीतला ओढा बऱ्याचदा कोरड्या धबधब्याच्या तोंडाशी जाऊन थांबतो. तिथून खाली जाता येत नाही, आणि थकलेल्या पायांनी वर चढणंही जमत नाही.

यावर उत्तम उपाय म्हणजे रतनवाडीतूनच वाटाड्या घ्या. पैसे ठरवताना त्याच्या परतीच्या चालीचे आणि मुक्कामाचेही धरा. ‘हे काय, पलीकडंच’ असं तो म्हणाला तर त्याच्या एका तासाचे आपले दोन समजा. पाठीवर ओझं असेल तर रतनवाडी ते कुमशेत सहा-सात तास लागतात. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून सकाळी सातला चालायला लागा. दुपारी एकपर्यंत खिंड गाठली नाही तर परत फिरून रतनवाडीतच राहा.

घराला हॉटेल समजणं

चुलीपाशी बसलेल्या बाईचा, उघड्या अंगाने खेळणाऱ्या पोरांचा न विचारता फोटो काढू नका. पोरांना चॉकलेटं वाटू नका. पुढचा ट्रेकर दिसला की ती हात पसरत धावतात आणि ही सवय आपणच लावलेली असते. द्यायचंच असेल तर वह्या शाळेत गुरुजींकडे द्या. शाळेच्या पडवीत झोपायचं तर परवानगीही त्यांचीच घ्या. शेंदूर लावलेला दगड वाघोबाचा असू शकतो, त्यावर सॅक टेकवू नका. देवराईतलं वाळकं लाकूडही शेकोटीला आणू नका. दारूच्या बाटल्या तर घरीच राहू द्या.

महादेव कोळी आणि ठाकर हे दोन वेगळे समाज आहेत, आणि महादेव कोळ्यांचा किनाऱ्यावरच्या मासेमारीशी संबंध नाही. हे आधीच माहीत असलं तर गप्पा खुलतात. 1848 साली ठाण्यात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. देशी बियाणं जपणाऱ्या, पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे इथल्याच कोंभाळण्याच्या. भाताच्या वाणांबद्दल विचारा: काळभात, रायभोग, जिरवेल. कणगीतलं भात ओंजळीत घेऊन दाखवतील.

किरकोळ वाटणाऱ्या, पण महागात पडणाऱ्या गोष्टी

कड्याखाली आग्या मोहोळ असतं. अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा. माश्या उठल्याच तर हात न झाडता डोकं-तोंड झाकून लांब पळा. रात्री परसाकडे जाताना बॅटरी आणि बूट हवेतच, कारण फुरसं पाचोळ्यात दिसत नाही. साप चावला तर जखम कापू नका, करकचून बांधू नका. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून गाडीपर्यंत आणा आणि थेट रुग्णालय गाठा. 112 किंवा 108 ला फोन करायला रेंज कुठे मिळते, हे मुक्कामाला पोहोचल्याबरोबर घरमालकाला विचारून ठेवा.

हा बराचसा टापू 1986 साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर शुल्क भरून पावती जपून ठेवा. पाचनईहून पुढे हरिश्चंद्रगडावर राहायचा बेत असेल तर मुक्कामाला परवानगी आहे की नाही, हे निघण्यापूर्वी वनखात्याकडे विचारा. पाचनईत पोहोचून कळलं तर संध्याकाळची शेवटची एसटी गेलेली असते.