नळयोजनेचा नकाशा ईपानेटमध्ये नेण्याआधी

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये पाइप म्हणजे नुसती रेघ. पाइपांतला दाब आणि प्रवाह काढणाऱ्या ईपानेटला मात्र प्रत्येक पाइपच्या दोन्ही टोकांना नोड (जोडबिंदू) लागतो. बऱ्याच चुका इथेच होतात, म्हणून सगळ्यात जास्त वेळ जॉइंटवर घालवा.

आधी नकाशाचे सगळे थर यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक पद्धतीत (ईपीएसजी क्रमांक ३२६४३) आणा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे त्यातच बसतात. अक्षांश-रेखांशात ठेवलेल्या थरावरून काढलेली लांबी अंशांत येऊ शकते, ती निरुपयोगी.

मग मल्टिपार्ट रेघा (अनेक तुकडे मिळून एकच नोंद असलेल्या) सुट्या करा, टोकं अर्ध्या मीटरच्या आत स्नॅप करा, म्हणजे एकमेकांना चिकटवा, आणि जिथे फाटा फुटतो तिथे मुख्य पाइप तोडा. स्नॅपचं अंतर वाढवू नका, रस्त्याच्या दोन्ही कडांचे पाइप एकमेकांना चिकटतात. छेद दिसला की तोड, असंही करू नका. विहिरीवरून टाकीकडे जाणारी ऊर्ध्ववाहिनी वितरणाच्या पाइपखालून नुसती जात असेल, तर तिथे नोड नको. हे गावच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला विचारूनच ठरवा.

व्यास आतला भरा. ११० मिमीचा एसडीआर १७ (बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या १७ पट) एचडीपीई प्लास्टिकचा पाइप आतून साधारण ९७ मिमीच असतो. ११० भरलात तर घर्षणातली दाबहानी खऱ्याच्या जेमतेम निम्मी दिसते आणि शेवटच्या गल्लीत कागदावर पाणी पोचतं.

उंचीसाठी फुकटच्या उपग्रह डीईएमवर (उंचीच्या डिजिटल नकाशावर) विसंबू नका. तो झाडांचे शेंडे आणि छपरंही जमीन म्हणून धरतो. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत एवढ्यानेच दोन-तीन मीटरचा फरक पडू शकतो, आणि नळाला किमान दाब धरायचा तो ७ मीटर (पाण्याच्या स्तंभाची उंची). निदान टाकी, मुख्य फाटे आणि सगळ्यात उंच घर इथली लेव्हल घ्याच. उंच टाकीची उंची म्हणजे जमिनीची लेव्हल अधिक स्टेजिंग (टाकीखालच्या खांबांची उंची). १२ मीटरचं स्टेजिंग विसरलं तर सगळ्या गावाचा दाब १२ मीटरने कमी दिसतो.

मागणी काढताना पाणी किती तास सुटतं ते पाहा. ३,००० वस्तीला दरडोई ५५ लिटरप्रमाणे दिवसाला १,६५,००० लिटर लागतात, म्हणजे २४ तासांची सरासरी सेकंदाला १.९ लिटर. पण सकाळ-संध्याकाळ मिळून ४ तासच पाणी सुटत असेल, तर तेवढंच पाणी सेकंदाला ११.५ लिटरने वाहतं. पाइप पुरतो की नाही ते या आकड्यावर तपासा.

नोड आणि पाइपांचे आयडी रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, ३१ अक्षरांच्या आत द्या. मराठी गल्लीची नावं क्यूजीआयएसच्या तक्त्यातच राहू द्या. ईपानेट वाचतं त्या आयएनपी फाइलमध्ये एकक एलपीएस (सेकंदाला लिटर) लिहायला विसरू नका. ते नसेल तर ईपानेट जीपीएम (मिनिटाला गॅलन) धरतं, म्हणजे तुमचे मीटर फूट होतात आणि मिलिमीटर इंच.

फाइल उघडून लगेच चालवून बघा. त्रुटी २३३ आली, तर एखादा नोड कुठल्याच पाइपला जोडलेला नाही. २२४ आली, तर टाकी किंवा जलस्रोतच फाइलमध्ये उतरलेला नाही. एकाच गल्लीत दाब उणे दाखवत असेल, तर व्यास बदलत बसू नका. आधी त्या गल्लीच्या फाट्यावर झूम करा, बहुतेकदा पाइपचं टोक मुख्य पाइपच्या नोडला टेकलेलं नसतं.