पोर्ने: जुन्या ग्रीक शब्दाचं मूळ मोबाईलवर कसं शोधायचं

ठाणे-वाशी लोकलमध्ये सीट मिळाली की आरामात जमतं हे, ग्रीक यायलाच पाहिजे असं काही नाही. पर्सियस नावाची फ्री साइट आहे, त्यात लिडेल-स्कॉटची ग्रीक-इंग्रजी डिक्शनरी आहे (पहिली आवृत्ती 1843ची, अजून चालतेय!), तिथे पोर्ने सर्च करा, फक्त रोमनमध्ये टाइप करताना शेवटच्या दीर्घ ए साठी ई नाही, एच टाकायचा. अर्थ येईल वेश्या. तिथेच थांबू नका, खरं काय ते शब्दाच्या मूळ धातूत आहे.

तो धातू पेर्नेमी, म्हणजे विकणे, आणि बरेचदा माणसं परमुलखात नेऊन विकणे. इलियड या ग्रीक महाकाव्याच्या 24व्या सर्गात ट्रॉयची राणी हेक्युबा रडत सांगते ना, की अकिलीसने माझी पोरं पकडून समुद्रापार विकली, तिथे हेच क्रियापद आहे. म्हणजे पोर्ने ही मुळात विकली गेलेली, आणि अथेन्समधल्या अशा बऱ्याच बायका गुलामच होत्या हे कळलं की शब्द अंगावरच येतो.

मग हेताइरा बघा, अर्थ सोबतीण, जरा मानाचा शब्द, पण लगेच गणिका म्हणून मोकळे होऊ नका, एकाच बाईला दोन्ही शब्द लावलेले सापडतात. आणि वेळ उरला तर पोर्नोग्राफोस, अथेनायस या जुन्या ग्रीक लेखकाकडे तो वेश्यांची चित्रं काढणाऱ्या चित्रकारांसाठी आलाय.