गवताचे गठ्ठे बांधताना या चुका टाळा

गवताच्या हंगामात घरातल्या तीन पिढ्या एकाच शेतात उतरतात. यंत्र चालवतात तरुण, पण गवत बांधायला कधी आलं हे कळतं ते म्हाताऱ्या माणसाला. त्याला न विचारता बेलर, म्हणजे गठ्ठे बांधायचं यंत्र, सुरू केला की गडबड होते.

सगळ्यात महागात पडते ती ओलसर गवत बांधण्याची घाई. पातं वाळून कुरकुरीत झालं तरी देठात आणि पेरात ओल राहते. माझे आजोबा मूठभर गवत दोन्ही हातांनी पिळायचे. देठ कटकन मोडला तर ठीक. नुसताच वळला तर नखाने त्याची साल खरवडायचे. साल सुटली की आणखी एक ऊन द्यायचं, मग आभाळ कितीही भरून येवो. आता ओलावा मोजायचं यंत्र मिळतं. लहान चौकोनी गठ्ठ्यांसाठी ओलावा 18 ते 20 टक्क्यांच्या खाली हवा. मोठ्या गठ्ठ्यांसाठी त्याहूनही थोडा कमी, कारण त्यांच्या पोटातली ऊब बाहेर पडत नाही. यंत्र जरूर वापरा, पण पिळून बघायचं सोडू नका. शेताच्या एका कोपऱ्यातली सावली आकडा सांगत नाही, हाताला कळते.

लसूणघासासारख्या द्विदल चाऱ्याचं मात्र उलटं होतं. तो भर उन्हात बांधला तर पानं झडतात, आणि खरा कस पानांतच असतो. किंचित दमट हवा असताना बांधा.

रचून झालं म्हणजे काम संपलं असं समजू नका. ओल राहिली असेल तर आतल्या सूक्ष्मजीवांमुळे गंजी तापते, आणि पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे. आजोबा लोखंडी पहार गंजीत खुपसून ठेवायचे आणि थोड्या वेळाने ओढून हात लावून बघायचे. आतलं तापमान 55 अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं तर रोज लक्ष ठेवा. 65 म्हणजे धोका जवळ आला. 80 च्या आसपास गवत आपोआप पेट घेऊ शकतं. जळक्या साखरेसारखा वास आला तर वर चढू नका, आत पोकळी झालेली असते. गठ्ठे उपसायचीही घाई नको, हवा मिळाली की भडका उडतो. आधी अग्निशामक दलाला बोलवा.

बेलर तुंबला की हात घालायचा मोह होतो. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरमधून बेलरला फिरवणारा दांडा, बंद केला तरी जड चाक काही वेळ फिरतच राहतं. ते पूर्ण थांबू द्या, किल्ली काढून खिशात ठेवा, मगच झाकण उघडा. गाठ सुटत असेल तर आधी गाठ मारणाऱ्या भागातला भुसा झाडा, दोरा कापणारं पातं बोथट झालंय का आणि दोऱ्याला ताण पुरेसा आहे का ते बघा. बहुतेक वेळा दुखणं तिथंच सापडतं.

साठवताना गठ्ठे थेट जमिनीवर टेकवू नका, खाली लाकडी फळ्या टाका. गोल गठ्ठा उघड्यावर ठेवायचा असेल तर हा हिशोब ध्यानात असू द्या: दीड मीटर व्यासाच्या गठ्ठ्याचा बाहेरचा 15 सेंटीमीटरचा थर कुजला, तर एक तृतीयांशाहून जास्त गवत वाया जातं.

बुरशी आलेलं गवत सोडताना मास्क लावाच. त्या धुळीने फुप्फुसं कायमची बिघडू शकतात. आमच्या आधीच्या पिढीने तो खोकला ‘गवताचं काम म्हटलं की असायचाच’ म्हणून अंगावर काढला. ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

आणि मुलं. भरलेल्या ट्रॉलीवर, गठ्ठ्यांच्या अगदी वर बसून घरी येणं ही आम्हा भावंडांची लहानपणातली सर्वांत आवडती आठवण. तरीही आपल्या मुलांना तिथं बसवू नका. एका धक्क्यासरशी वरचा थर घसरतो. गोल गठ्ठ्यांशी खेळूही देऊ नका, उतारावर तो सुटला तर माणसाला आवरत नाही. त्यांना गठ्ठे मोजू द्या, पाणी आणू द्या, आणि गोठ्यात कापलेल्या सुतळीचे तुकडे गोळा करू द्या. तो तुकडा चाऱ्यातून गाईच्या पोटात गेला की आतच अडकून बसतो.